फळीवरचे डबे कमी करताना

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसं घरी भरणाऱ्यांसाठी एक वेगळी फळी असते. तिच्यावर बंदुकीच्या दारूचे, म्हणजे पावडरीचे, एक पौंडाचे प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले असतात आणि त्यांवर नावांपेक्षा आकडेच जास्त दिसतात: ४०६४, ४१९८, ४३५०, ४८३१, ४८९५. मध्येच वारगेट, रीलोडर अशी नावं, शेजारी फिनलंडहून आलेले 'एन' अक्षराचे डबे. हॉजडन कंपनी पावडरींच्या ज्वलनवेगाचा जो तक्ता काढते, त्यात पिस्तूल, शॉटगन आणि रायफल धरून दीडशेच्या आसपास नावं आहेत. नव्याने या छंदाला लागलेला माणूस यातले दोन डबे उचलतो. मग कुणी सुचवलं म्हणून तिसरा, नेहमीचा संपला होता म्हणून चौथा. काही वर्षांत कपाटात अर्धवट भरलेल्या डब्यांची रांग लागते आणि त्यांतल्या एकाही पावडरीची त्याला नीट ओळख झालेली नसते.

एवढ्या पावडरींची गरज कुणाला आहे? माझ्या मते फार थोड्यांना. शिकारीसाठी आणि साध्या नेमबाजीसाठी रायफल वापरणाऱ्याला दोन पावडरी पुरतात, रायफली फारच वेगवेगळ्या असल्या तर तीन. यात तडजोड अगदी किरकोळ आहे आणि सुरक्षिततेचा लाभ मोठा. हे म्हणणं कुठवर टिकतं आणि कुठे टिकत नाही, ते तपासून पाहण्यासारखं आहे.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी ओळखीची झाली ती तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलने ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा भाग, पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते एकदा उडालं की संपलं. हा लेख आहे सेंटरफायर काडतुसांबद्दल, ज्यांच्या पुंगळीच्या बुडाशी मधोमध प्रायमर बसतो आणि बदलता येतो. काडतुसातला सर्वांत महाग भाग म्हणजे पितळी पुंगळी, आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. उडालेली पुंगळी डाय नावाच्या साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून पावडर घालायची, वर गोळी दाबून बसवायची. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हा घरगुती छंद म्हणून रुजला नाही. अमेरिकेत मात्र तो एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे.

इतके प्रकार मुळात शक्य झाले ते फ्रान्समधल्या एका शोधामुळे. १८८४ साली पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू बनवली आणि दोन वर्षांनी फ्रेंच सैन्याच्या लेबेल रायफलीत ती आली. नायट्रोसेल्युलोजचा घट्ट दाणा बाहेरून आत थराथराने जळतो. म्हणजे दाण्याचा आकार बदलला, त्याला मधून भोक पाडलं किंवा वर मंदकाचा लेप दिला, की तो किती वेगाने गॅस सोडणार हे ठरवता येतं. काळ्या दारूत ही मोकळीक फार थोडी होती. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने १९३०च्या दशकात आयएमआर नावाची मालिका आणली, ३०३१, ४०६४, ४१९८ आणि त्यांची भावंडं. हे आकडे वेगाचा क्रम दाखवत नाहीत, ही गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवायची. ४१९८ ही ३०३१ पेक्षा वेगाने जळते आणि ४०६४ या दोघींपेक्षा सावकाश. आकडा वाढला म्हणजे पावडर मंद झाली असं समजून चालणाऱ्याचा घात होऊ शकतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडे पावडरीचे डोंगर उरले. ब्रूस हॉजडन या कॅन्ससमधल्या गृहस्थाने आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढलं, सरकारकडून ५०,००० पौंड ४८९५ विकत घेतली आणि एका कुरणात रेल्वेचा जुना डबा उभा करून त्यात ती ठेवली. पुढे २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतून काढलेली ४८३१ त्याने विकायला आणली. ही मंद पावडर .२७० विंचेस्टरसारख्या काडतुसांत फार छान चालली आणि स्वस्त असल्यामुळे घरोघरी गेली. अमेरिकेत घरी काडतुसं भरणाऱ्यांची एक अख्खी पिढी या दोन डब्यांवर वाढली, याची आठवण मला मुद्दाम करून द्यावीशी वाटते. त्या पिढीने ज्या रायफली चालवल्या त्यांतल्या बहुतेक आजही तशाच आहेत.

मग नावं वाढत गेली. ड्यूपाँटने आपली आयएमआर ४८३१ किरकोळ बाजारात आणली, ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा थोडी वेगवान निघाली. आकडा तोच, पावडर वेगळी. एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. ४३५० आणि ४८९५ यांचीही अशीच आयएमआरची एक आणि हॉजडनची एक आहे. डब्यावरचं पूर्ण नाव, कंपनीसकट, वाचल्याशिवाय पुस्तकातला आकडा उचलू नये, हा नियम यातूनच आला.

याच्या उलटही घडलं आहे. हॉजडनची एच ४१४ आणि विंचेस्टरची ७६० ही एकाच पावडरीची दोन नावं आहेत, हे जाणकारांना ठाऊक असतं. आज हॉजडन, आयएमआर, अ‍ॅक्युरेट आणि रॅमशॉट ही नावं एकाच घरात नांदतात. आयएमआर २००३ मध्ये आली, अ‍ॅक्युरेट आणि रॅमशॉट २०२० मध्ये, आणि विंचेस्टरच्या पावडरीही हीच कंपनी परवान्यावर विकते. कारखाने मात्र दूरदूर पसरलेले. हॉजडनच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या पावडरी ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला इथे बनतात, गोल दाण्याच्या बऱ्याचशा फ्लोरिडातल्या सेंट मार्क्सला, रॅमशॉटच्या बेल्जियममध्ये. फळीवर दिसणाऱ्या नावांच्या गर्दीमागे कारखाने मोजकेच आहेत.

निवडीचा खरा आधार आहे पुंगळीची पोकळी आणि नळीचं छिद्र यांचं प्रमाण. छोटी पोकळी आणि रुंद छिद्र असेल तर गोळी पुढे सरकताच जागा भराभर वाढते, म्हणून वेगाने जळणारी पावडर लागते. मोठी पोकळी आणि अरुंद छिद्र असेल तर गॅसला वाट कमी, म्हणून सावकाश जळणारी. गोळी जड झाली की ती हलायला वेळ घेते, तेव्हाही थोडी मंद पावडर बरी. दीडशे नावांचा तक्ता या एका प्रमाणावर ठेवून पाहिला की रायफलीच्या वाट्याला मोठमोठे तीन-चार गट उरतात. एका गटातल्या दोन शेजारणींमध्ये फरक असतो, पण तो चांगली आणि अगदी थोडी अधिक चांगली एवढाच.

मधला गट सर्वांत उपयोगी. आयएमआर ४०६४, दोन्ही ४८९५, वारगेट, रीलोडर १५, फिनलंडची एन १४० या सगळ्या त्यात बसतात. .२२३ रेमिंग्टनच्या जड गोळ्यांपासून .३०८ विंचेस्टर आणि थेट .३०-०६ पर्यंत यातली कोणतीही एक चालते. दुसरा गट ४३५० चा. .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .२७०, .३०-०६ आणि सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमपर्यंत त्याची मजल जाते. .३०-०६ दोन्हीकडे आहे, हे पाहा. हलक्या गोळीला मधला गट, जड गोळीला ४३५० चा. ज्याच्याकडे .२२३, .३०८ आणि .२७० अशा तीन रायफली आहेत त्याला एक वारगेट आणि एक एच ४३५० यांपलीकडे काही लागणार नाही. खरोखरीची मोठी मॅग्नम घेतली तरच एच १००० सारखा तिसरा डबा आणायचा.

यात किती गमावतो? कोणतंही प्रतिष्ठित लोडिंग मॅन्युअल उघडावं, सिएरा, हॉर्नडी, नोस्लर, लायमन, कुठलंही. एका गोळीसाठी दिलेल्या पहिल्या पाच-सहा पावडरींच्या कमाल वेगात बहुतेक वेळा सेकंदाला शंभर फुटांच्या आतबाहेर अंतर असतं. दोनशे यार्डांवरच्या हरणासाठी हा फरक नसल्यासारखाच. त्या वेगापायी पाचवा डबा आणणाऱ्याने तेच पैसे सरावाच्या गोळ्यांवर घालवले तर नेम नक्की सुधारेल.

सैन्याचा अनुभव इथे फार बोलका आहे. अमेरिकन सैन्याच्या दूरपल्ल्याच्या ७.६२ काडतुसात, एम ११८ एलआरमध्ये, रीलोडर १५ भरली जात होती. अफगाणिस्तानच्या उष्णतेत या काडतुसाचा दाब आणि वेग त्रासदायक प्रमाणात बदलतो, अशी तक्रार आली. मग एमके ३१६ नावाचं नवं काडतूस घडवलं गेलं आणि त्यासाठी निवडलेली पावडर निघाली आयएमआर ४०६४. हाताशी जगातल्या सगळ्या पावडरी आणि मोजमापाची सगळी यंत्रं असताना तज्ज्ञांनी १९३०च्या दशकातली पावडर घेतली, कारण गरम-थंडीत तिचं वागणं फारसं बदलत नाही. रोज नव्या नावामागे धावणाऱ्याने या निवडीचा विचार करायला हवा.

दुसरा प्रसंग दुःखाचा आहे. एम १६ रायफलीचं काडतूस घडवताना त्यात ड्यूपाँटची आयएमआर ४४७५ ही लांबट दाण्याची पावडर होती. ठरलेला वेग आणि ठरलेला दाब एकाच वेळी सांभाळून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणं अवघड झालं, म्हणून १९६४ मध्ये डब्ल्यूसी ८४६ ही गोल दाण्याची पावडर घेतली गेली. गोळीचा वेग जुळला. पण नळीच्या तोंडाकडे, जिथून गॅस रायफलीच्या यंत्रणेत जातो, तिथला दाब वाढला आणि रायफल ठरल्यापेक्षा वेगाने गोळ्या सोडू लागली. पावडरीतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर आत साचला. त्यात नळीच्या मागच्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचं साहित्य पुरेसं मिळत नव्हतं. व्हिएतनाममध्ये रायफली ऐन लढाईत अडकल्या आणि माणसं मेली. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने याची चौकशी करून कडक अहवाल दिला. ज्वलनवेगाच्या तक्त्यात शेजारी दिसणाऱ्या दोन पावडरी एकमेकींच्या जागी सहज बसतील असं मानू नये, हे त्या चौकशीतून दिसतं. स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित रायफल असेल तर पुंगळीबरोबर तिच्या यंत्रणेचाही विचार करावा लागतो. जुन्या एम १ गॅरंडला म्हणूनच ४८९५ किंवा ४०६४ द्यायची. मंद पावडरीने वाढलेला गॅसचा दाब तिची ऑपरेटिंग रॉड वाकवतो.

गोल दाण्याच्या पावडरी वाईट आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. फ्रेड ओल्सेन याने इलिनॉयमधल्या वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत १९३३ च्या सुमारास ही पद्धत बसवली. जुन्या तोफांच्या दारूतलं नायट्रोसेल्युलोज पुन्हा वापरता येत होतं, काम पाण्यात चालत असल्याने धोका कमी होता आणि वेळ वाचत होता. हे दाणे मापाच्या यंत्रातून एकसारखे ओतले जातात, त्यामुळे .२२३ ची शेकडो काडतुसं भरणाऱ्याला या पावडरी हव्याशा वाटतात. लांबट दाणे यंत्राच्या कडेत अडकून कापले जातात आणि माप थोडं पुढेमागे होतं. उलट गोल दाण्याच्या बऱ्याच पावडरी तापमानाला अधिक हळव्या असतात. पावडर ठरवताना वेग सोडून पाहण्यासारख्या गोष्टी अशा आहेत: ती किती सारखी ओतली जाते, गरमीत कशी वागते आणि पुंगळी किती भरते. शेवटची गोष्ट लोक विसरतात. पुंगळी जवळजवळ भरेल अशी पावडर घेतली तर चुकून दुप्पट माप घातलं की ते बाहेर सांडतं आणि चूक डोळ्यांना दिसते. छोट्या मापात काम भागवणाऱ्या वेगवान पावडरीत दुप्पट माप गुपचूप मावतं.

डबे कमी करण्याचा मोठा लाभ हाच, चुका कमी होतात. दोन पावडरी असतील तर त्यांचा रंग, दाणा, मापातलं वागणं डोळ्यांत आणि बोटांत बसतं. काम करताना टेबलावर एकच डबा ठेवायचा, काम संपलं की मापाच्या यंत्रात उरलेली पावडर त्याच डब्यात परत घालायची, डब्यावरची चिठ्ठी कधी बदलायची नाही. कपाटात पंधरा डबे असले की हेच नियम पाळणं अवघड होतं. दुसरा लाभ लॉटचा. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे लॉटमध्ये, थोडा फरक असतो. डब्यात विकली जाणारी पावडर कंपन्या मिसळून ठरलेल्या मापाजवळ आणतात, तरी नवा लॉट आला की माप खाली आणून पुन्हा वर चढवावं लागतं. एकच पावडर वापरणारा आठ पौंडांचा मोठा डबा घेऊ शकतो. एका पौंडात ७,००० ग्रेन, आणि एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनारांच्या गुंजेच्या साधारण निम्मा. .३०८ ला एका वेळी चाळीस-पंचेचाळीस ग्रेन लागतात. म्हणजे आठ पौंडांत बाराशेहून जास्त काडतुसं एका लॉटची होतात, आणि पुस्तकात सांगितलेल्या खालच्या मापापासून हळूहळू वर जाण्याची मेहनत त्या सगळ्यांसाठी एकदाच करावी लागते.

आता जिथे हा सल्ला लागू पडत नाही ते. बेंचरेस्ट स्पर्धेत एका कागदावर पाच गोळ्या जवळजवळ एकाच भोकातून पाठवायच्या असतात. तिथे ६ पीपीसी हे काडतूस राज्य करतं आणि त्याला एन १३३ सारखी त्याच्यासाठी पारखून निवडलेली पावडर लागते. या खेळाडूला मी काही शिकवायला जाणार नाही. दूरच्या अंतराच्या स्पर्धा खेळणाऱ्यांची गोष्टही वेगळी. .४५-७० सारखी सरळ भिंतींची जुनी काडतुसं दोन गटांच्या हिशेबात बसत नाहीत. लहान मुलांना शिकवताना कमी धक्क्याची काडतुसं हवी असतील तर एच ४८९५ हीच घ्यावी, कारण खूप कमी मापातही ती नीट पेटते आणि कंपनीने त्यासाठी वेगळे आकडे छापले आहेत. मोठ्या पुंगळीत मंद पावडरीचं माप मनाने घटवणं मात्र जीवघेणं ठरू शकतं. कमी घातलं म्हणजे सुरक्षित झालं, असं या कामात नसतं.

सर्वांत जोरदार आक्षेप तुटवड्याचा. एका पावडरीवर सगळं ठेवलं आणि तीच बाजारातून गेली तर? ही शंका खरी आहे. २००७ मध्ये हॉर्नडीने ६.५ क्रीडमूर आणलं तेव्हा काडतुसांच्या खोक्यावरच एच ४३५० चं माप छापलं होतं. काडतूस लोकप्रिय झालं आणि एच ४३५० फळीवरून गायब होऊ लागली. २०१३ मध्ये आणि पुन्हा करोनाच्या काळात तर दुकानंच रिकामी होती. २०२४च्या सुरुवातीला अलायंट पावडरची तेव्हा मालक असलेल्या व्हिस्टा आउटडोअरने जगभरच्या दारूटंचाईचं कारण देऊन दर वाढवले. युक्रेनच्या युद्धात तोफगोळ्यांची मागणी अफाट वाढली होती, आणि तोफेची दारू काय, हरणाच्या शिकारीची काय, नायट्रोसेल्युलोज दोन्हीकडे लागतंच. ते बऱ्याचदा बनतं सरकीला चिकटून राहिलेल्या कापसाच्या आखूड तंतूंपासून. महाराष्ट्रात भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत लष्करासाठी जे प्रोपेलंट तयार होतं, त्यालाही नायट्रोसेल्युलोज लागतंच. असा पुरवठा मोजक्या कारखान्यांवर टेकलेला असला की एक धागा ताणला गेल्याचा झटका मोंटानातल्या छोट्या दुकानालाही बसतो.

याला पंधरा डबे जमवणं हा उपाय नाही. प्रत्येक गटातली एक पावडर मुख्य धरावी आणि दुसरी एक राखीव म्हणून निवडून तिचंही माप स्वस्थपणे, टंचाई नसताना, शोधून वहीत लिहून ठेवावं. वारगेट नाही मिळाली तर आयएमआर ४०६४, एच ४३५० नाही मिळाली तर त्याच गटातली फिनलंडची एखादी. दोघी वेगवेगळ्या कारखान्यांतल्या असाव्यात, ही अट महत्त्वाची. मुख्य आणि राखीव दोन्ही मुलवालाहून येत असतील तर तिथलं जहाज अडकलं की दोन्ही अडकतील. साठवणुकीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित नियमांप्रमाणे घरात मूळ डब्यांत वीस पौंडांपर्यंत निर्धूर पावडर ठेवता येते, त्यापुढे जाड लाकडी पेटी लागते.

ज्याच्या कपाटात आधीच पंधरा डबे आहेत त्याने सुरुवात त्या डब्यांपासून करावी. प्रत्येक डबा उघडून वास घ्यायचा. आंबट, झोंबणारा वास येत असेल किंवा तांबूस धूर-धूळ दिसत असेल तर ती पावडर बिघडली आहे आणि तिचं काडतूस भरायचं नाही. चिठ्ठी पुसट झालेल्या, कुणाकडून तरी आलेल्या, सील नसलेल्या डब्यांचंही तेच. आत काय आहे याची खात्री नसेल तर दाण्याच्या रूपावरून ओळखण्याचा खटाटोप करू नये, कारण कितीतरी पावडरी दिसायला सारख्या असतात. अशी पावडर वस्तीपासून दूर उघड्यावर, मोकळ्या जमिनीवर एक इंचाहून कमी जाडीचा थर पसरून, लांबून पेटवून जाळून टाकायची. चांगल्या निघालेल्या डब्यांवर उघडल्याची तारीख लिहायची, त्यांतल्या पावडरी आपल्या कोणत्या रायफलीला चालतात ते मॅन्युअलमध्ये पाहायचं आणि सरावाच्या काडतुसांत एकेक करून संपवायच्या. रिकाम्या झालेल्या डब्याच्या जागी, मुख्य दोन आणि राखीव दोन सोडून, नवं नाव आणायचं नाही.